अंतर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर मोजायचं कसं? पडद्यावर तर काहीच येत नाही

वर्गखिडकी
दहावीच्या भिंगांच्या धड्यासाठी प्रयोग बसवतेय. बहिर्वक्र भिंगाचं सोपं आहे. खिडकीसमोर धरलं की समोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा येते, पट्टीने अंतर मोजलं की झालं. अंतर्वक्रपाशी गाडी अडते. किरण पसरतात, प्रतिमा आभासी, सुलट, लहान आणि वस्तूच्याच बाजूला. किरणाकृती काढून मुलांना हे पटतं, पण मग "मोजायचं कसं?" असा प्रश्न येतोच.

सामान: मीटरपट्टी, लाकडी स्टँड, १० सेमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र (व्यास ५ सेमी), एक अंतर्वक्र (चिठ्ठी पुसट झालीय, बहुधा २० सेमी), पांढरा एलईडी, पुठ्ठे. ऑप्टिकल बेंच नाही. तास ३५ मिनिटांचा. काय करता येईल?

फटफटी
चष्म्याच्या दुकानात नेऊन द्या. मशीन अर्ध्या मिनिटात सांगेल. ३४ मिनिटं उरतात, चहा घ्या.

समांतर
आधी खिडकीबद्दल. झाड लांब असेल तर ठीक, पण मुलं खिडकीच्या गजांचीच प्रतिमा धरतात. गज ३ मीटरवर असतील तर १० सेमीच्या भिंगाची प्रतिमा १०.३४ सेमीवर पडते आणि २० सेमीच्या भिंगाची २१.४ वर. नाभीय अंतर जितकं मोठं, तितकी ही चूक वाढते. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी धरायला सांगा, गज नकोत.

तिरकी_रेघ
अंतर्वक्र भिंगाकडून वास्तव (पडद्यावर पडणारी) प्रतिमा मिळवता येते, फक्त त्याच्यावर पडणारे किरण आधीच एकत्र येत असले पाहिजेत. ते काम बहिर्वक्र करेल. तुमच्याच सामानात बसेल अशी मांडणी देतो. पट्टीवरची स्थानं सेमीमध्ये:

वस्तू १० वर. बहिर्वक्र २५ वर, म्हणजे वस्तूपासून १५. पडदा सरकवा, स्पष्ट प्रतिमा ५५ च्या आसपास मिळेल (भिंगापासून ३०). ही पहिली प्रतिमा. स्थान लिहून ठेवा, यानंतर वस्तू आणि बहिर्वक्र यांना हात लावायचा नाही.

आता अंतर्वक्र ४३ वर ठेवा, म्हणजे पहिल्या प्रतिमेच्या १२ सेमी अलीकडे. ५५ वरची प्रतिमा पुसट होईल. पडदा मागे न्या. भिंग खरंच २० चं असेल तर ७३ वर नवी प्रतिमा मिळेल, पहिलीच्या अडीचपट मोठी.

अंतर्वक्रापासून वस्तूचं अंतर (यू) +१२, प्रतिमेचं (व्ही) +३०, नाभीय अंतर एफ. १/व्ही − १/यू = १/एफ, म्हणजे १/३० − १/१२ = −१/२०. एफ = −२० सेमी.

कुठे फसतं: अंतर्वक्र पहिल्या प्रतिमेपासून २० सेमीपेक्षा लांब ठेवलं तर बाहेर पडणारे किरण पुन्हा पसरतात आणि पडदा कितीही मागे न्या, काही मिळत नाही. मुलं नेमकं बहिर्वक्राला चिकटवून ठेवतात आणि "सर, येत नाही" म्हणतात. ८ ते १५ सेमीच्या पट्ट्यातच ठेवायला सांगा.

आंबाडी
एक शंका. यू नेहमी ऋण घ्यायचा ना? वस्तू डावीकडे असते, कार्टेशियन संकेतानुसार डावीकडची अंतरं ऋण. इथे +१२ कसं? परीक्षेत असं लिहिलं तर गुण जातील.

तिरकी_रेघ
@आंबाडी, यू ऋण असतो तो वस्तू भिंगाच्या डावीकडे असते म्हणून. संकेत फक्त एवढंच म्हणतो की अंतरं प्रकाशीय केंद्रापासून मोजायची, प्रकाश जातो त्या दिशेला धन. इथे अंतर्वक्रासाठी 'वस्तू' आहे ती पहिली प्रतिमा, आणि ती भिंगाच्या उजवीकडे पडणार होती. किरण तिथवर पोचण्याआधीच आपण भिंग आडवं घातलं. म्हणून ती आभासी वस्तू आणि यू धन.

मुलांना पडताळायला सांगा: यू −१२ घेतला तर व्ही −७.५ येतो, म्हणजे पडद्यावर काहीच दिसायला नको. पडद्यावर तर प्रतिमा ढळढळीत दिसतेय. चिन्ह कोणतं बरोबर ते पडदाच सांगतो.

नाभीनाथ
आणि जुन्या पुस्तकांत 'वास्तव ते धन, आभासी ते ऋण' असा संकेत असायचा, सूत्र १/व्ही + १/यू = १/एफ. त्यात हीच आभासी वस्तू −१२ होते आणि उत्तर तरीही −२०. गोंधळ होतो तो सूत्र एका संकेतातलं आणि चिन्हं दुसऱ्यातली घेतल्यावर. शिकवणीत एक आणि शाळेत दुसरा संकेत शिकणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही.

समांतर
मांडणी उत्तम. पण चूक कुठे वाढते तेही सांगायला हवं. ३ मिमी इकडेतिकडे होणं हे पुठ्ठ्याच्या पडद्यावर नेहमीचंच. पहिल्या प्रतिमेचं स्थान ३ मिमी चुकून यू १२.३ झाला तर एफ −२०.८५. तीच ३ मिमीची चूक दुसऱ्या प्रतिमेत झाली, म्हणजे व्ही ३०.३, तर एफ −१९.८७. पहिली चूक सहापट महाग पडते. त्यामुळे सगळा वेळ पहिल्या प्रतिमेवर घालवा. पडदा जवळून लांब आणि लांबून जवळ असा दोन्हीकडून आणून मधलं स्थान घ्या. दुसरी प्रतिमा मोठी, फिकी आणि आळशी असते, तिला डोळे फोडून बघण्यात अर्थ नाही.

नाभीनाथ
समांतरशी सहमत. त्यात रंगाची भर घाला. साध्या काचेच्या एका भिंगात निळ्याचं नाभीय अंतर लाल रंगाच्या मानाने कमी असतं, १० सेमीच्या भिंगात फरक साधारण दीड-पावणेदोन मिमी. इथे प्रतिमा ३० सेमीवर आहे, म्हणजे अक्षावर तो फरक नऊपट ताणला जातो, दीड सेमीच्या घरात! पांढरा एलईडी घेतला की कडेला लालसर-निळसर झालर दिसते आणि प्रत्येक मूल वेगळ्या ठिकाणी 'स्पष्ट' म्हणतं. लाल किंवा हिरवा एलईडी घ्या. नसेल तर पांढऱ्यापुढे लाल जिलेटीन कागद.

दुसरं, ५ सेमी व्यासाचं १० सेमीचं भिंग म्हणजे फार 'जाड' भिंग. कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात. काळ्या कागदाला १.५ सेमीचं भोक पाडून भिंगावर लावा. प्रकाश कमी होईल, प्रतिमा कापल्यासारखी स्पष्ट होईल.

आंबाडी
भोक पाडून झाकलं तर प्रतिमेचा कडेचा भाग कापला जाणार नाही का?

तिरकी_रेघ
नाही. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतो आणि प्रत्येक भाग तो त्याच प्रतिमाबिंदूकडे वळवतो. अर्धं भिंग झाकलं तरी पूर्ण प्रतिमा येते, निम्म्या उजेडाची. 'अर्धी प्रतिमा येईल' हे उत्तर वर्गात दर वेळी येतं, कारण किरणाकृतीत आपण दोनच किरण काढतो आणि मुलांना वाटतं प्रतिमा त्या दोन किरणांनीच तयार होते. तास सुरू असतानाच पुठ्ठ्याने अर्धं झाकून दाखवा, १० सेकंदांचं काम आहे. मात्र कागद भिंगाला चिकटून हवा. वस्तूजवळ किंवा पडद्याजवळ धरला तर खरंच तुकडा कापला जातो.

फटफटी
म्हणजे भिंगाला तडा गेला तरी प्रतिमेला तडा जात नाही. माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे कळवा.

निवांत_पाटील
ऊन असेल तर स्टँडबिंड काही नको. अंतर्वक्रावर काळा कागद चिकटवा, त्यात १ सेमी अंतरावर दोन भोकं, प्रत्येकी २ मिमी. भिंग सूर्याकडे सरळ धरा, मागे पांढरा कागद. त्यावर दोन ठिपके दिसतील. कागद मागे नेत जा, ठिपके एकमेकांपासून लांब जातात. केंद्र ते केंद्र बरोबर २ सेमी झालं की भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजेच नाभीय अंतर.

कारण सरळ आहे: दोन्ही शलाका भिंगाच्या अलीकडच्या नाभीतून आल्यासारख्या पसरतात. नाभीपासून भिंगापर्यंत एक एफ अंतरात त्या १ सेमी फाकलेल्या, आणखी एक एफ गेल्यावर २ सेमी. समरूप त्रिकोण, दहावीच्याच गणितातले.

ठिपके धूसर येतात. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाचा आहे, त्यामुळे २० सेमीवर कडेची सुमारे २ मिमी धूसरता भोकं कितीही बारीक केली तरी जाणार नाही. म्हणून कडा सोडून केंद्रं धरायची. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे प्रत्येक गटाला आधी सांगा. आणि बहिर्वक्र त्या वेळी टेबलावर उन्हात पडून राहू देऊ नका, कागद पेटतो.

वर्गखिडकी
@निवांत_पाटील, ही भारी आहे! वर्ग पश्चिमेला आहे आणि तास सकाळी, पण व्हरांड्यात जमेल.

काचकाम
फटफटी गमतीत म्हणाले पण दुकानात जे मशीनशिवाय करतात ते वर्गात होतं. भिंतीवर मोठी फुली काढा, ३-४ मीटर लांबून भिंग डोळ्याजवळ धरून तिच्याकडे बघा आणि भिंग हळू उजवीकडे सरकवा. फुली भिंगाबरोबर उजवीकडेच सरकली तर मायनस काच, उलट डावीकडे गेली तर प्लस. आता मायनस काचेवर ट्रायल बॉक्समधल्या (चष्मेवाल्याकडची नंबराच्या सुट्या काचांची पेटी) प्लस काचा एकेक लावत जा. ज्या काचेला फुली हलायची थांबते तो नंबर. +५.०० ला थांबली तर तुमची काच −५.००, म्हणजे नाभीय अंतर १/५ मीटर, २० सेमी. ट्रायल बॉक्समध्ये काचा ०.२५ च्या टप्प्यात असतात. −४.७५ म्हणजे २१ सेमी, त्यामुळे या पद्धतीत एक सेमी इकडेतिकडे धरूनच चाला.

डोळ्याजवळ का म्हटलं: जोरदार प्लस काच हातभर लांब धरली की पलीकडचं चित्रच उलटं दिसतं आणि हलण्याची दिशाही उलटते.

काच गोल फिरवल्यावर फुलीच्या रेघा कात्रीसारख्या उघडझाप करू लागल्या तर ती सिलिंडर नंबरची आहे. ती प्रयोगाला घेऊ नका. दोन दिशांना दोन वेगळी नाभीय अंतरं असतात, पडद्यावर बिंदूऐवजी रेघ मिळते.

आंबाडी
जुन्या चष्म्याच्या मायनस काचा शाळेला फुकट मिळतात. पण त्या पुढून फुगीर असतात. मग त्या अंतर्वक्र कशा?

काचकाम
पुढचा भाग फुगीर, मागचा त्याहून जास्त खोल. बोटांच्या चिमटीत धरून बघा: कडेला जाड आणि मध्ये पातळ असेल तर प्रकाश पसरवणार, मध्ये जाड असेल तर एकवटणार. एका पृष्ठभागाच्या आकारावरून काही ठरत नाही. (हे हवेत. काचेतला हवेचा बुडबुडा मध्ये फुगीर असूनही प्रकाश पसरवतो, कारण बाहेरची काच त्याच्याहून दाट.)

नाभीनाथ
अवांतर, पण बुडबुड्यावरून आठवलं: भिंग पाण्यात बुडवून दाखवा. काचेचा अपवर्तनांक १.५ आणि पाण्याचा १.३३ धरला तर नाभीय अंतर चौपट होतं. १० सेमीचं भिंग ४० चं. भिंगाचा आकार तोच, काच तीच, फक्त भोवतालचं माध्यम बदललं. प्रकाश वाकतो तो दोन माध्यमांच्या सीमेवर, हे याहून स्पष्ट कशानेच होत नाही.

समांतर
जोडभिंगाची पद्धतही नोंदवून ठेवतो. दोन्ही भिंगं चिकटवून धरा, संयोगाची प्रतिमा मोजा, शक्तींची बेरीज (शक्ती म्हणजे १ ÷ मीटरमधलं नाभीय अंतर, एकक डायॉप्टर). +१० आणि −५ मिळून +५ डायॉप्टर, म्हणजे २० सेमी. अट एकच, बहिर्वक्राची शक्ती जास्त हवी. २५ सेमीचं (+४) घेतलं तर बेरीज −१, पुन्हा पडदा कोरा.

पण मला ही पद्धत आवडत नाही. दोन भिंगांत ५ मिमी फट राहिली तरी संयोग +५ ऐवजी +५.२५ होतो आणि सगळी चूक अंतर्वक्राच्या माथी बसते: −२० चं −२१. फुगीर पोटाचं भिंग खोलगट भिंगाला नीट बसतही नाही.

निवांत_पाटील
मुलांना 'अंतर्वक्र कशाला लागतं?' विचारलं की चष्मा सोडून दुसरं उत्तर येत नाही. वाचायच्या चष्म्याची +२ ची काच (५० सेमी) आणि तुमचं −२० सेमीचं भिंग ३० सेमी अंतरावर धरा, अंतर्वक्र डोळ्याशी. अडीचपट दुर्बीण, चित्र सुलट. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हीच मांडणी होती, १६१० च्या जानेवारीत गुरूचे उपग्रह त्याने अशाच दुर्बिणीतून पाहिले. तिरकी_रेघ यांची आभासी वस्तू इथेही आहे: पुढच्या भिंगाची प्रतिमा तयार व्हायच्या आधीच अंतर्वक्र मध्ये येतं. केप्लरने १६११ मध्ये डोळ्याशी बहिर्वक्र सुचवलं. त्यात दृश्याचा घेर मोठा मिळतो पण चित्र उलटं.

फटफटी
धागा दहावीच्या तासापासून गुरूच्या चंद्रांपर्यंत पोचला. ३५ मिनिटं संपली, घंटा झाली.

वर्गखिडकी
परत मूळ प्रश्नावर. लाल एलईडी आणि काळा कागद लावून तिरकी_रेघ यांची मांडणी केली. वस्तू १०, बहिर्वक्र २५, पहिली प्रतिमा ५४.६ वर. पुढची वाचनं:

अंतर्वक्र ४५ वर, प्रतिमा ६५.० → एफ −१८.५
अंतर्वक्र ४३ वर, प्रतिमा ७३.१ → एफ −१८.९
अंतर्वक्र ४१ वर, प्रतिमा ८७.५ → एफ −१९.२

सरासरी −१८.९. चिठ्ठीवरचा आकडा २० च असावा असं वाटतंय. की भिंगच १९ चं?

समांतर
सरासरी काढू नका! आकडे विखुरलेले नाहीत, एकाच दिशेने चढत चाललेत: १८.५, १८.९, १९.२. नुसती नजरचूक असती तर वरखाली झाले असते. यू वाढतोय तशी चूक कमी होतेय, म्हणजे तिन्ही वाचनांत सामाईक असलेलं काहीतरी चुकलंय, आणि सामाईक एकच आहे, ५४.६.

पहिली प्रतिमा ५५.० धरून बघा. यू होतात १०, १२, १४. एफ येतो −२०.०, −२०.०, −२०.०. भिंग २० चंच आहे.

काळा कागद पहिली प्रतिमा घेतानाही होता का?

वर्गखिडकी
नव्हता. अंतर्वक्र लावल्यावर दुसरी प्रतिमा धूसर वाटली म्हणून तेव्हा बहिर्वक्रावर लावला. आधीच लावायचा हे वर कुणी लिहिलंय कुठे?

नाभीनाथ
हे लिहायला हवं होतं, खरंय. उघड्या भिंगाचे कडेचे किरण अलीकडे एकत्र येतात, म्हणून सगळ्यात स्पष्ट वाटणारी जागा ४ मिमी अलीकडे सरकली. कागद लावल्यावर पहिली प्रतिमा, म्हणजे अंतर्वक्राची वस्तू, ५५ वर गेली, तुम्ही मात्र ५४.६ च धरून चाललात. कागद पहिल्या वाचनाच्या आधी लावायचा आणि शेवटपर्यंत काढायचा नाही.

तिरकी_रेघ
पडताळा हवा असेल तर सपाट आरसा घ्या, ऊन नसलं तरी चालतं. वस्तू म्हणून पुठ्ठ्यात 'क' कापून मागे ट्रेसिंग पेपर आणि दिवा. (बाणापेक्षा अक्षर बरं, प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी दोन्हीकडे उलटते ते दिसतं.) बहिर्वक्र २५ वर, कागदासकट. अंतर्वक्र आणि त्याच्या मागे सरळ उभा आरसा. अंतर्वक्र ३५ च्या आसपास पुढेमागे करा. पहिली प्रतिमा त्याच्या नाभीत आली की बाहेर पडणारे किरण समांतर होतात, आरशावरून त्याच वाटेने परततात आणि 'क' च्या शेजारी पुठ्ठ्यावरच त्याची उलटी प्रतिमा उमटते. आरसा किंचित तिरपा केला की ती बाजूला सरकते आणि नीट दिसते. त्या क्षणी अंतर्वक्र ते ५५ हे अंतर म्हणजे एफ, सूत्र लागतच नाही. आरसा भिंगापासून किती लांब आहे याने फरक पडत नाही. फरक पडला तर किरण समांतर झालेले नाहीत.

आंबाडी
बहिर्वक्राचे १० सेमी तरी खरे आहेत का, ते कोणी तपासलं?

तिरकी_रेघ
या पद्धतीत त्याची गरज नाही, बहिर्वक्राचा एफ कुठल्याच सूत्रात येत नाही, फक्त पहिल्या प्रतिमेचं स्थान येतं. तरी तपासायचंच तर वस्तू १० वर, पडदा ५५ वर पक्के ठेवा आणि भिंग मधून सरकवा. २५ वर मोठी प्रतिमा, ४० वर लहान. वस्तू-पडदा अंतर ४५, दोन जागांतलं अंतर १५. एफ = (४५² − १५²) ÷ (४ × ४५) = १०. पडदा वस्तूपासून ४० सेमीच्या आत आणला तर एकही जागा मिळत नाही, चार एफपेक्षा कमी अंतरात वास्तव प्रतिमा पडूच शकत नाही.

वर्गखिडकी
चार गट करते: पडदा, ऊन, आरसा, ट्रायल बॉक्स. भिंग सगळ्यांना तेच, फिरतं. @काचकाम, ट्रायल बॉक्समधल्या +४.७५, +५.०० आणि +५.२५ एवढ्याच काचा दिवसभरासाठी कोणी देईल का?

काचकाम
जवळच्या चष्मेवाल्याला विचारा, बहुतेक देतील. फक्त परत देताना पुसून द्या, आणि पेटीत नंबराच्याच खाचेत.